ताटातुटीची वरात

पुण्याच्या विश्रांतवाडीतून जाणाऱ्या आळंदी रस्त्याला वर्षातून दोन प्रकारचे संगीत ऐकू येते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवणारी ज्ञानेश्वर माउलींची पालखी दुसऱ्या दिवशी दिघी, कळस, विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात येते, तेव्हा टाळमृदंगाच्या साथीने अभंग उमटतात. ज्या ज्ञानदेवांच्या पादुका त्या पालखीत असतात, त्यांनीच मराठीला विराण्या दिल्या. सख्याच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या जिवाचे ते उद्गार. लग्नसराई आली की धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडीच्या याच परिसरात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि वराती निघतात. शहरोशहरीच्या अशा वरातींत आणि हळदीच्या कार्यक्रमांत गेली काही वर्षे एक गाणे आवडीने वाजवले जाते आणि तेही वियोगाचेच आहे. त्याचे नावच ‘द ब्रेकअप साँग’.

दोन जीव जोडण्याच्या मंगल प्रसंगी नाते तुटल्याचा जल्लोष करणारे गाणे वाजावे आणि वधूवरांच्या आईवडिलांसह कोणालाही त्यात विसंगती वाटू नये, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गाणे लावणाऱ्याला ठेका हवा असतो, नाचणाऱ्याला शब्दांशी कर्तव्य नसते, असे समर्थन केले जाते. परंतु शब्दांकडे लक्ष नसतानाही शब्द मनात उतरत असतात. मुलांना पाढे जसे म्हणून म्हणून पाठ होतात, तशी गाणीही पाठ होतात आणि गाण्यांमागची वृत्तीही.

करण जोहर यांच्या ‘ऐ दिल है मुश्किल’ या चित्रपटातील हे गाणे. चित्रपट २८ ऑक्टोबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. संगीत प्रीतम यांचे, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. गायकांमध्ये अरिजित सिंग, जोनिता गांधी, बादशाह आणि नकाश अझीझ. पडद्यावर अनुष्का शर्मा आणि रणबीर कपूर नाचगाण्याच्या क्लबमध्ये बेभान होऊन नाचतात. संबंध तुटला आहे, तर रडायचे कशाला, नाचू या, हा त्याचा मथितार्थ.

या चित्रपटावरून त्या वेळी महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथील लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला, आपले जवान हुतात्मा झाले, आणि पाकिस्तानी अभिनेता असलेला हा चित्रपट दाखवू नये, अशी मागणी पुढे आली. अखेर मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत बैठक होऊन वाद मिटला. जनतेचा तो संताप स्वाभाविक होता. मात्र त्या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती पडद्यावर कोण दिसतो याची. पडद्यावरून काय सांगितले जाते, याची चर्चा झाली नाही. अभिनेता वादाचा विषय ठरला आणि गाणे अलगद घराघरांत शिरले.

या गाण्याविषयी बोलताना न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. त्यात एक चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. नाते तुटले म्हणजे आयुष्य संपले, असे त्यातील तरुणी मानत नाही. आपल्याकडे ठरलेले लग्न मोडले की दोष मुलीच्या कपाळी मारला जाई. सोयरीक कोणत्या कारणाने मोडली याची चौकशी कोणी करीत नसे. मुलीने मात्र खाली मान घालून वावरावे, अशी अपेक्षा असे. अशा समाजात एखादी मुलगी ताठ मानेने चालू लागली, तर त्यात वावगे काही नाही. चुकीच्या संबंधातून वेळीच बाहेर पडणे हे शहाणपण आहे आणि त्याबद्दल कोणी तिला दोष देऊ नये.

आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. या गाण्याला दुःखाचीच लाज वाटते. माणूस माणसापासून तुटतो तेव्हा काही तरी मोलाचे गमावलेले असते. ते मोलाचे नसेल, तर मुळात जोडलेच कशाला होते? जोडताना विचार नाही आणि तोडताना व्यथा नाही, असे झाले की माणसाचे मोल वापरून टाकायच्या वस्तूइतके उरते. बाजारपेठेला हेच सोयीचे असते. जुना संच द्या, नवा घ्या, हा दुकानातला नियम मनाच्या व्यवहारात आला की उपभोगवाद पूर्ण झाला. गंमत अशी की, खुद्द तो चित्रपटच आपल्या गाण्याला खोटे ठरवतो. ताटातूट नाचून साजरी करणारी नायिका पुढे जुन्या प्रियकराकडेच परत जाते आणि तिच्या लग्नात नायक व्याकूळ होऊन गातो. नाचल्याने दुःख गेले नव्हते; ते फक्त लांबणीवर पडले होते.

या जल्लोषाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक परंपरा आहे आणि ती अधिक घातक आहे. १९९५ साली गुलशन कुमार यांनी दिग्दर्शित केलेला ‘बेवफा सनम’ हा चित्रपट आला. त्यातील सोनू निगम यांच्या आवाजातील गाण्यांनी देश गाजवला. ध्वनिफिती घरोघरी पोहोचल्या, रिक्षांत आणि पानाच्या ठेल्यांवर ती गाणी अहोरात्र वाजत राहिली. त्या कथेतील नायक प्रेयसीची हत्या करून तुरुंगात गेलेला असतो. श्रोत्याची सहानुभूती मात्र त्याच्यासाठी मागितली जाते. जिचा जीव गेला ती विश्वासघातकी आणि ज्याने जीव घेतला तो प्रेमवीर! सुरेल चालीवर बसवलेला हा उलटा न्याय एका संपूर्ण पिढीने गुणगुणला.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही, हे महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन कळले आहे. १९९० साली उल्हासनगरमध्ये दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. आठवडाभर झुंजून तिने प्राण सोडले. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत सकाळच्या वेळी एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन तरुण धावला. या तिन्ही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: मुलीचा नकार मुलाला सोसवला नाही. गाण्यामुळे कोणी खुनी होत नाही आणि तसे म्हणणे उथळपणाचे ठरेल. पण नकार म्हणजे अपमान, अपमान म्हणजे सूड, हे समीकरण ज्या मातीत रुजते, त्या मातीला खतपाणी कोण घालते, हे पाहायलाच हवे. सदाशिव पेठेतील ती मुलगी वाचली, कारण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण जिवाची पर्वा न करता कोयत्यापुढे उभे राहिले. तरुणाईचे तेही एक रूप आहे, हे विसरता कामा नये.

मग वियोगाचे गाणे कसे असावे? त्याचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. कालिदासाचा यक्ष एका वर्षाचा विरह भोगतो तो रामगिरीवर. विदर्भातील रामटेक म्हणजेच तो रामगिरी, असे मानले जाते. आषाढाच्या पहिल्या दिवशी दिसलेल्या मेघाकडे तो गाऱ्हाणे सांगत नाही. प्रियेचे कुशल विचारतो, तिला धीर देतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गायिली आणि मराठी भावगीताची पहाट झाली; तीही जिवलगाच्या ओढीची. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा स्वर लाभलेले भातुकलीतील राजाराणीचे गीत तर मराठी मनाचा ठेवाच आहे. त्यात ताटातूट आहे, पण धिक्कार कोणाचाच नाही. कहाणी अर्धी राहिल्याची हळहळ आहे. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात, मूठ मात्र आवळली जात नाही.

विरह आणि ‘ब्रेकअप’ यांतील अंतर ते हेच. विरहात गेलेल्या माणसाचा मान राखलेला असतो. म्हणून विरहाची परिणती ज्ञानदेवांकडे भक्तीत होते, कालिदासाकडे काव्यात होते. दुःख पचवणे ही एक साधना आहे आणि ती शिकवावी लागते.

ती शिकवायची कोणी? गाण्यांवर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक मुलाच्या हातात भ्रमणध्वनी आहे आणि बंदी घातलेली वस्तू अधिक गोड लागते. काम घरापासून सुरू व्हावे लागेल. वयात आलेला मुलगा आठ दिवस जेवणाच्या ताटावर गप्प बसत असेल, तर त्याला अभ्यासावरून बोलण्याआधी जवळ बसवून विचारले पाहिजे. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?’ हे वाक्य घरातून हद्दपार झाले पाहिजे. जो रडू शकत नाही, तो चिडतो. मुलीने कोणी पाठलाग करतो असे सांगितले, तर तिचे घराबाहेर पडणे बंद करण्याऐवजी तिच्या पाठीशी उभे राहून पोलिसांकडे गेले पाहिजे. ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. मन फारच खचले असेल, तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा आहे; तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही. तरुणांत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी बौद्धिकांत राष्ट्रपुरुषांची चरित्रे जरूर सांगावीत. मात्र मुलीचा नकार शांतपणे स्वीकारणे हेही पौरुषच आहे, एवढी साधी गोष्टही त्याच आग्रहाने सांगावी. शिवरायांचे नाव घेणाऱ्याला स्त्रीच्या इच्छेचा मान राखता आला नाही, तर ते नाव घेणे व्यर्थ आहे.

आणि लग्नघरी कोणते गाणे वाजावे, हे तर पूर्णपणे कुटुंबाच्या हाती आहे. सनई, चौघडा, ढोलताशा, लोकगीते यांची वाण नाही. नाचायला ठेकाही भरपूर आहे. यजमानांनी वाजंत्र्यांना आधी एक यादी दिली तरी पुरे. जोडण्याच्या दिवशी जोडण्याची गाणी आणि तुटण्याच्या दिवशी माणसाला माणूस ठेवणारी गाणी, एवढा विवेक ज्या घरात शाबूत आहे, त्या घरातील मुले नकार पचवतील आणि नातीही निभावतील.