अर्थविचार : जुन्या घराची दुरुस्ती आणि सरकारी कर्ज

पेढीवर बसणाऱ्यास हे सांगावे लागत नाही की, उधारी किती वाटली यावरून धंदा बरा की वाईट हे ठरत नसते. सरकारे मात्र घरदुरुस्तीच्या कर्जयोजनांचा गौरव बहुधा वाटलेल्या रकमेवरूनच करतात. योजना नसती तर त्या घराची दुरुस्ती झालीच नसती का, हा प्रश्न फार थोडे विचारतात. ब्रिटनमध्ये तो विचारला गेला, म्हणून आज तिकडची खतावणी उघडू या.

तेथील असंख्य घरे जुनी. भिंतींतून आणि छपरांतून ऊब निसटून जाणारी. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने ‘ग्रीन डील’ ही योजना आणली. घरमालकाने भिंतींना अस्तर लावावे, नवा बॉयलर बसवावा. पदरचा पैसा आधी घालू नये. कर्ज माणसाच्या नावावर नव्हे, तर घराच्या वीजबिलावर. हप्ता बिलातूनच फिटायचा आणि घर विकले तर उरलेले हप्ते नव्या मालकाने भरायचे. शिवाय एक ‘सुवर्णनियम’ होता : हप्ता अंदाजित बचतीहून अधिक नसावा. कागदावर इतकी सुबक मांडणी क्वचितच दिसते.

व्याज मात्र सुमारे सात टक्के वा त्याहून अधिक, तेही तेथील मध्यवर्ती बँकेचा दर अवघा अर्धा टक्का असताना! ज्याची पत चांगली त्याने या दाराशी का यावे? २०१४ मध्ये रोख अनुदान जाहीर झाले, तेव्हा लोकांच्या अशा उड्या पडल्या की काही आठवड्यांतच निधी संपला. कर्जाकडे मात्र ग्राहक फिरकेनात. जुलै २०१५ मध्ये सरकारने हात आखडता घेतला.

पुढील वर्षी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला. कर्ज घेणारी कुटुंबे सुमारे १४,०००, आणि सरकारी खर्च, अनुदाने धरून, २४ कोटी पौंड. म्हणजे एका कर्जामागे सुमारे १७,००० पौंड! एवढे करून योजनेमुळे ऊर्जेची जादा बचत झाल्याचे परीक्षकांना दिसले नाही.

जर्मनीत केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचे कर्ज घरमालकाला आपल्या नेहमीच्या बँकेमार्फत, माफक व्याजाने मिळत आले. घराचा ऊर्जावापर जितका उतरेल तितकी मुद्दलात सूट मिळे. माझ्या मते ही रीत अधिक शहाणपणाची; कारण येथे बक्षीस कर्ज काढल्याचे नसून काम पुरे केल्याचे आहे. अर्थात, ज्याला छप्पर बदलायचेच होते त्यालाही सूट मिळते, हा आक्षेप येथेही उरतोच.

आणखी एक गोष्ट हिशेबनीसाच्या नजरेतून सहज निसटते. २०१२ मध्ये केंब्रिजच्या मिना सुनिका-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी जर्मन घरांची आकडेवारी तपासली. तेथील कुटुंबे गणिताने ठरवलेल्या इंधनापेक्षा प्रत्यक्षात सरासरी सुमारे तीस टक्के कमी इंधन जाळत होती. घर जितके गळके, तितकी ही तफावत मोठी. समजा, एखादी वृद्धा थंडीत एकच खोली तापवून, अंगावर शाल घेऊन बसते. तिने कर्ज काढून भिंतींना अस्तर लावले, तर घर उबदार होईल, ही मिळकत खरीच. परंतु जे इंधन ती जाळतच नव्हती त्याची बचत कोठून होणार? हप्ता मात्र दरमहा बिलावर छापून येतच राहणार.