आधी नवऱ्याची तपासणी करा

आमच्या पिंपळगाव राजात लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही की सुनेच्या मागे आधी नवस लागतात, मग खामगावच्या डॉक्टरीणबाई. तिची सोनोग्राफी होते, रक्त तपासलं जातं, फाईल जाड होते. नवरा मात्र अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, कवचबीज एकत्र कुटलेली पुडी रात्री दुधातून घेतो आणि स्वतःला मोकळा समजतो. वीर्यतपासणीचं नाव काढा, घरदार अंगावर येतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत दोष पुरुषाकडेही असतो. तरी ‘वांझ’ ही शिवी बाईच्याच वाट्याला का?

आयुर्वेदाशी माझं वैर नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाला, म्हणजे पौरुष वाढवण्याच्या उपचारांना, अख्खा अध्याय आहे. अश्वगंधेवर प्रयोगही झालेत. 2013 साली शुक्राणू कमी असलेल्या 46 पुरुषांवर चाचणी झाली. ज्यांना मुळाचा अर्क रोज 675 मिलिग्रॅम दिला, त्यांच्या शुक्राणूंची संख्या 90 दिवसांत चांगलीच वाढली. पण माणसं किती? 46. औषध किती? एक, मोजून दिलेलं. त्या आधारावर कुणी एकवीस जडीबुटींचं बिनमापाचं चूर्ण विकत असेल तर तो खोटारडा आहे. एका मुळीचा पुरावा एकवीस मुळ्यांना लागू होत नाही.

शिवाय अशा ‘शुद्ध हर्बल’ मालात सिल्डेनाफिल हे ताठरतेचं ॲलोपॅथिक औषध मिसळलेलं अनेक देशांतल्या तपासण्यांत सापडलंय. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाने ती पुडी खाल्ली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. संभोगशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. तरी भिंती रंगतात, पत्रकं वाटली जातात आणि कुणावर खटला भरल्याचं ऐकू येत नाही. हा नाकर्तेपणा मला संतापजनक वाटतो.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. म्हणूनच विक्रेता तीन महिन्यांचा कोर्स गळ्यात मारतो. गुण आला नाही की पुढचा. तोवर दोषाचं मूळ असू शकणाऱ्या अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा तशाच राहतात. शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा आजार आहे तो, चूर्णाने हटत नाही. तंबाखूचा खर्रा सुटत नाही. आणि बायकोचं वय पुढे सरकत जातं, तिची बीजं कमी होत जातात. पुरुषाच्या लाजेची किंमत ती भरते.

सासूबाई, सुनेला पुढच्या सोनोग्राफीला नेण्याआधी लेकाला पॅथॉलॉजीत पाठवा. दोन ते सात दिवसांचं ब्रह्मचर्य आणि एक डबी, एवढंच लागतं.