हो, आणि...

अमेरिकेत आल्यावर पहिली तीन वर्षं मी मीटिंगमध्ये तोंड म्हणून उघडलं नाही. इंग्रजी येत होतं हो! पण मनात वाक्य जुळवून, व्याकरण तपासून होईस्तोवर विषय पुढे गेलेला असायचा. शेवटी एका मित्राने मला ओढतच शिकागोतल्या इम्प्रोव्हच्या वर्गाला नेलं. इम्प्रोव्ह म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही. समोरच्याच्या वाक्यावर तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा.

पहिला नियम 'यस, अँड'. समोरचा म्हणाला, "डॉक्टर, पाय दुखतोय," की आपण डॉक्टर! मी इंजिनियरच्या सवयीने विचारलं, "कुठला पाय? कधीपासून?" बाई म्हणाल्या, प्रश्न विचारून तू सगळं काम त्याच्याच गळ्यात घातलंस. बरोबर होतं की.

मग आला 'जिबरिश'चा खेळ. निरर्थक भाषेत बोलायचं आणि दुसऱ्याने त्याचं 'भाषांतर' करायचं. तिथे माझा उच्चार गेला उडत! सगळेच अडाणी.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की या खेळांचं मूळच आमच्यासारख्यांत आहे. शिकागोच्या हल हाऊसमध्ये नेव्हा बॉइड स्थलांतरितांच्या मुलांना खेळांतून एकत्र आणत. त्यांच्या हाताखाली १९२४ ते १९२७ शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी त्यातून नाट्यखेळ रचले आणि १९६३ साली पुस्तक काढलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ साली सुरू झालेल्या 'सेकंड सिटी'च्या संस्थापकांपैकी एक.

आता कंपन्या हेच खेळ कर्मचाऱ्यांना शिकवतात आणि 'यस, अँड'चा अर्थ लावतात, साहेबाला हो म्हणा. साफ चूक! 'हो' म्हणजे तू बोललास ते मी ऐकलं, आता ते प्रवेशात घडलं. समोरचा म्हणाला, "हा पूल भक्कम आहे," तर मी म्हणू शकतो, "हो, आणि म्हणूनच बायकोपोरांना अलीकडेच ठेवून आलोय." विरोध त्यात मावतो. मान डोलावणं ही आपली जुनी खोड, तिला परदेशी नाव कशाला?

आणि गंमत बघा, मी कुडाळचा. जत्रेतला दशावतार बघत वाढलो. तिथे लिखित संवाद नसतातच. कथानक ठरतं आणि नट रात्रभर उत्स्फूर्त बोलतात. राजा-राक्षसाची ती जुगलबंदी म्हणजे 'यस, अँड'च! आम्ही मात्र त्याला गावठी म्हणून शाळेत उत्तरं पाठ करत बसलो, आणि तेच शिकायला पुढे डॉलर मोजले.

यंदा जत्रेला मुलीला नेणार आहे. पहाटेपर्यंत जागेल का, शंकाच आहे.