गाठीचा अंबाडा

पाटण तालुक्यातील कोयनानगरास वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा दमट हवेत न्हालेले केस लवकर वाळत नाहीत; आणि ओला केस ताणास दुबळा असल्याने, त्यावर रबर आवळले की तो तुटतो. ताण नित्याचा झाल्यास कपाळालगतचे केस विरळ होऊन कालांतराने उगवेनासे होतात. म्हणून आम्ही भगिनींस सुचवितो की, केस प्रथम पुरते वाळवावेत. मग मानेपाशी एकत्र करून सैल पीळ द्यावा, तो स्वतःभोवतीच गुंडाळावा व टोक पहिल्या वेढ्याखालून ओढून घ्यावे. काटा नको, फीत नको. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती ही कला आहे, तोवरच मुलींनी ती त्यांच्यापाशी बसून शिकून घ्यावी, इतकेच आमचे सांगणे.