चारने भागताना

मराठवाड्यातल्या आपल्या शहरात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. एकदा १९-२० मेच्या सुमारास, पुन्हा २३-२४ जुलैच्या सुमारास. मेमधला दिवस सुट्टीत जातो, जुलैमधला ढगांत. त्यामुळे शून्य सावली पाहायची अनेक मुलांची राहूनच जाते. भूगोल, भौतिकशास्त्र आणि गणित शिकवणाऱ्या आमच्या वाचकांना विनंती आहे, यंदा मेमध्ये अर्धा तास काढून मुलांना मैदानावर बोलवा. साडेबाराच्या जरा आधी उभ्या नळीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होईल. तेव्हाच विचारा : पृथ्वीच्या वाट्याला ऊन येते तरी किती?

वातावरणाच्या माथ्यावर, सूर्यासमोर धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट पडतात. हवामानाच्या गणितात मात्र आपण ३४० लिहितो. ‘चारने भागा’ म्हणून पुढे सरकणे ही आपली चूक आहे. पृथ्वी ऊन अडवते ते थाळीएवढे, आणि गोलाचे पृष्ठफळ त्या थाळीच्या चौपट असते. रात्र, ध्रुव, सकाळची तिरपी किरणे असे सगळे त्या चारात बसले आहे. डोक्यावर सूर्य असताना हे जसे पटते तसे फळ्यापुढे पटत नाही.

यातले ३० टक्के ऊन ढग, बर्फ आणि जमीन परत पाठवतात. उरतात २३८ वॅट. तेवढीच ऊर्जा बाहेर टाकायची तर स्टीफन-बोल्ट्झमान नियमाने पृथ्वीचे तापमान २५५ केल्व्हिन, म्हणजे उणे १८ अंश येते. प्रत्यक्षातली सरासरी सुमारे १५. आता ऊन आत सोडणारा, पण जमिनीची सगळी अवरक्त उष्णता शोषणारा हवेचा एक थर समीकरणात घाला. उत्तर येते ३० अंश! एक फार थंड, दुसरे फार गरम. या दोन चुकांवर एक पूर्ण तास खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. थर ७८ टक्केच शोषतो असे धरले की १५ अंश जमतात. पण तो आकडा मोजलेला नाही, जुळवलेला आहे. तापून वर जाणारी हवा आणि बाष्प किती उष्णता नेतात, हे या थराला ठाऊकच नाही. मुलांना ते सांगितलेच पाहिजे.

हा थर मराठवाड्याला मात्र जुना ओळखीचा आहे. माळवदावर झोपलेल्या आजीला विचारा. मार्चच्या निरभ्र रात्री पहाटे वाकळ ओढावी लागते, जुलैच्या ढगाळ रात्री घाम सुटतो.

फूरिये यांनी १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानाचा हा प्रश्न मांडला, अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला. बुडिको आणि सेलर्स यांनी १९६९ मध्ये अक्षांशांचे पट्टे पाडून बर्फाचे परावर्तन त्यात आणले. आज आपण म्हणतो, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर सुमारे ३.७ वॅट अडकतात. बाकी काही न बदलता तापमान १.१ ते १.२ अंशांनी वाढते. पण बाष्प वाढते, बर्फ घटते, ढग बदलतात. त्या सगळ्यासह आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालातला सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा आहे. या १.२ पासून ३ पर्यंतच्या वाटेवरच मोठ्या संगणकीय प्रारूपांची गरज वर्गात समजावता येते.

मराठवाड्यात पाऊस कधी पडेल, हे मात्र या समीकरणाला विचारू नका. त्यात वाराच नाही.

मेमधली तुमची मोजमापे, मुलांच्या वहीतल्या खाडाखोडीसह पाठवा. जुलैच्या अंकात त्यांसाठी पाने राखून ठेवली आहेत.