उपचाराचे नियम कोण लिहितो?

दवाखान्यात बसणाऱ्याला काही प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. त्यांतला एक असा : ‘डॉक्टरसाहेब, मागच्या वक्ती त एक दिवसाआड गोळ्या देल्या होत्या, आता रोज काहून खायाच्या?’ विचारणारा क्षयाचा जुना रुग्ण असतो, आजार उलटल्यामुळे परत आलेला. त्याची शंका अगदी रास्त आहे. १९९७ साली सुरू झालेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात आठवड्यातून तीनच दिवस औषध दिले जाई. २०१७ पासून ते रोज द्यावे असे ठरले. औषधे बरीचशी तीच राहिली, नियम तेवढा बदलला. दिवसाआड औषध घेतल्यास रोग उलटण्याचा व जंतू औषधाला निर्ढावण्याचा धोका जास्त, असे पुरावे साठत गेले होते.

पण हे त्या रुग्णाला सांगितले कोणी? वीस वर्षे एक सांगितले, आता दुसरे सांगतात, म्हणजे या डॉक्टरांनाच काही कळत नाही, असा अर्थ तो काढतो. आणि मग गावातल्या जाणत्याकडे जातो.

या नियमांना आमच्या भाषेत ‘गाइडलाइन्स’ म्हणतात. मराठीत मार्गदर्शक तत्त्वे म्हणा. कोणत्या रोगात काय करावे, काय करू नये, याची ती लेखी सूचना. आता या सूचनांनाच वाहिलेले एक स्वतंत्र शास्त्रीय नियतकालिक निघाले आहे. ‘गाइडलाइन्स इंटरनॅशनल नेटवर्क’ ही २००२ मध्ये स्थापन झालेली जागतिक संस्था. तिने वायली या प्रकाशनसंस्थेमार्फत २०२४ पासून ‘क्लिनिकल अँड पब्लिक हेल्थ गाइडलाइन्स’ या नावाचे नियतकालिक सुरू केले. वाचक म्हणतील, डॉक्टरांच्या मासिकांना काय तोटा आहे, त्यात आणखी एकाची भर! तोटा नाहीच. रोगांची, औषधांची, शस्त्रक्रियांची मासिके शेकड्यांनी आहेत. पण नियम कसा बनतो, कोण बनवतो, तो खेड्यात चालतो की नाही, हे तपासण्याला हक्काची जागा फारच थोडी होती. म्हणून मला हा उपक्रम महत्त्वाचा वाटतो.

पूर्वी नियम बनण्याची रीत सोपी होती. चार मोठे प्राध्यापक एकत्र बसत आणि आपल्या अनुभवाने सांगत. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने १९७२ साली पुस्तक लिहून या रीतीवर बोट ठेवले. आपण देतो त्या उपचारांपैकी किती खरोखर तपासलेले आहेत, असा त्याचा सवाल होता. त्याच्या नावाने १९९३ मध्ये संस्था उभी राहिली. पुढे २००० च्या सुमारास ‘ग्रेड’ नावाची पद्धत आली. तिच्यात पुरावा किती भरवशाचा आहे हे चार पायऱ्यांत सांगतात आणि शिफारस पक्की की सौम्य हेही वेगळे लिहितात. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पक्की शिफारस म्हणजे बहुतेकांनी ऐकावीच अशी. सौम्य शिफारशीत रुग्णाची परिस्थिती आणि इच्छा विचारात घ्यायची असते. आपल्याकडे दोन्ही एकाच दरडावणीच्या सुरात सांगितल्या जातात, ही वेगळी गोष्ट.

आता शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रयोग केला. गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. श्वास अडलेले बाळ, कमी वजनाचे बाळ, जंतुदोष झालेले बाळ कसे ओळखावे आणि काय करावे, हे सारे त्यात आले. जंतुदोषासाठी जेंटामायसीनचे इंजेक्शनही त्या देत. हजारी ६२ असलेले नवजात बालकांचे मृत्यू २५ च्या आसपास आले. हा निबंध १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी घरपोच नवजात काळजीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या जिल्ह्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी व पुढे बेचाळीस दिवसांपर्यंत येते, ती त्यामुळेच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. गडचिरोलीच्या बाया इंजेक्शन देत होत्या, देशाच्या नियमावलीतील आशाताईला मात्र ते काम दिले नाही. पुरावा तोच, मग नियमात काट का? कारणे असतील. लाखो आशांना इतके काटेकोर प्रशिक्षण देणे सोपे नाही, सुई चुकली तर जबाबदारी कोणाची, हाही प्रश्न आहे. मला स्वतःला हा निर्णय फार सावध वाटतो. दुसऱ्या एखाद्याला तो शहाणपणाचा वाटेल. पुरावा आणि नियम यांच्यामध्ये असा एक मानवी निर्णय बसलेला असतो, आणि त्याची चर्चा उघड छापली गेली पाहिजे. निबंध लॅन्सेटमध्ये येतो, नियम सरकारी पुस्तिकेत येतो आणि मधला वाद बैठकीच्या खोलीतच राहतो. नव्या नियतकालिकाने ही मधली जागा भरावी.

दुसरे नाव महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचे. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे, पोरे मरत. विषाने शरीरात अॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांनी खाटेजवळ बसून टिपले. मग प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. गंभीर रुग्णांत शंभरी तीसच्या घरात असलेले मृत्यू एकावर आले. हेही १९८६ मध्ये लॅन्सेटने छापले. पुढे २०११ मध्ये त्यांनीच प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, असे चाचणी घेऊन दाखवले. आपण घालून दिलेला नियम आपणच पुढे नेणारी माणसे थोडी!

आता आपल्या घरची गोष्ट. भंडारा जिल्हा धानाचा. रोवणीपासून कापणीपर्यंत बांधीत हात-पाय घालणाऱ्या माणसाला सापाचे भय नवीन नाही, आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार अंथरुणात येऊन चावते. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मेले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला ५८ हजार झाले! तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत सर्पदंश पक्केपणी आला तो २०१७ मध्ये.

पाश्चात्त्य पुस्तके त्यांच्याकडच्या सापांसाठी लिहिलेली. भारताने स्वतःचा सर्पदंश नियम २००९ मध्ये काढला. त्यातली वीस मिनिटांची परीक्षा मला फार आवडते. दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिले तर विषाने रक्त बिघडले, प्रतिलस द्या. यंत्र नको, वीज नको. मात्र नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर उत्तर चुकते. तालुक्याच्या ठिकाणी बसून लिहिलेला वाटावा असा हा नियम आहे. त्याच नियमात पट्टी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, दंश झालेला अवयव हलवू नका, असेही आहे. तरी आजही रुग्ण दोरी आवळून, पाय काळानिळा करून येतो. नियम डॉक्टरपर्यंत पोचला, बांधीपर्यंत पोचला नाही.

या सगळ्यात एक खोट आहे, तीही सांगतो. नियमावर औषधाची विक्री अवलंबून असते. एका कंपनीचा प्रतिनिधी मला गुळगुळीत कागदावरची ‘नवी गाइडलाइन’ देऊन गेला. शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या गोळीचे चित्र! रक्तदाब किती असला म्हणजे आजार म्हणायचा, हा आकडा थोडा खाली आणला की एका रात्रीत लाखो माणसे रुग्ण होतात. असा बदल योग्यही असू शकतो. पण तो करणाऱ्या समितीत कोणाचे कोणाशी आर्थिक संबंध होते, हे पहिल्याच पानावर छापलेले असावे. नव्या नियतकालिकाची परीक्षा मी तरी याच पानावर करीन. आणि लेख छापायला लेखकाकडूनच भारी रक्कम घेण्याची जी चाल पडली आहे, तिच्यामुळे बिरवाडीसारख्या केंद्रातला डॉक्टर बाहेरच राहील, हेही चालकांनी ध्यानात ठेवावे.

असे काही आपल्याकडे का निघू नये? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ पासून एकेका आजाराचे एकपानी उपचार-तक्ते काढले, ते उत्तम आहेत. मुंबईत मूठभर डॉक्टरांनी १९९३ मध्ये वैद्यकीय नीतीवरचे नियतकालिक सुरू केले, ते आज देशभर वाचले जाते. विदर्भात नागपूर आहे, सेवाग्राम आहे, गोंदिया आहे, आणि २०२४ मध्ये भंडाऱ्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. सिकलसेल, सर्पदंश, हिवताप हे आपले आजार. त्यांचे नियम आपल्या रुग्णांवर कसे लागू पडतात, कुठे अडतात, याचे तिमाही अंक इथून निघायला हरकत नाही. प्रत्येक अंकात चार पाने साध्या मराठीत असावीत, आशाताईला आणि सरपंचाला वाचता येतील अशी.

तोवर वाचकांनी एवढे करावे. डॉक्टरने औषध बदलले तर रागावू नका, कारण विचारा. ‘हा नियम कधीचा, आणि माझ्यासारख्याला तो लागू आहे का?’ असे विचारल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरला वाईट वाटत नाही. क्षयाच्या रुग्णांनी गोळ्या रोज घ्याव्यात, बरे वाटू लागले तरी मधेच सोडू नयेत. आणि यंदाच्या रोवणीला घरात टॉर्च व मच्छरदाणी ठेवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. ती डासांइतकीच मण्यारीलाही आडवी येते.