शब्दबोध : अजीर्ण

दुकानात बसल्या जागी छातीत जळजळले की आपण म्हणतो, ‘अजीर्ण झाले.’ पोट फुगले तरी अजीर्ण, अन्नावर वासना नसली तरी अजीर्णच. अलीकडे ही जागा ‘ॲसिडिटी’ या शब्दाने घेतली आहे. शब्द सैल झाला की उपायही चुकतो. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ पाहू.

संस्कृतातील ‘जॄ’ या धातूचा अर्थ झिजणे, विरणे, पचणे. त्यावरून पचलेले ते ‘जीर्ण’ आणि न पचलेले ते ‘अजीर्ण’. काळाने झिजलेले मंदिरही जीर्णच; म्हणून आपण त्याचा जीर्णोद्धार करतो. पाणी जमिनीत ‘जिरते’, तेही याच कुळातील क्रियापद. इतकेच नव्हे, तर बांधलेली कर्मे झडून जाणे ही जी ‘निर्जरा’, तिचेही मूळ हेच.

तेव्हा अजीर्ण म्हणजे आधीचे अन्न अजून शिल्लक असणे. आयुर्वेदाने त्याचे भेद सांगितले आहेत. कफाने जडपणा येतो ते आमाजीर्ण, पित्ताने आंबट ढेकर व जळजळ होते ते विदग्धाजीर्ण, वाताने पोट फुगून दुखते ते विष्टब्धाजीर्ण. ज्याला आपण ॲसिडिटी म्हणतो ते यांपैकी दुसऱ्याच्या जवळचे. सर्वच अजीर्ण म्हणजे ॲसिडिटी नव्हे.

शिल्लक असताना भर घालू नये, हा उपाय शब्दातच दडलेला आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे 35 गुण सांगितले. त्यांचा आरंभ न्यायाने मिळविलेल्या धनापासून होतो. आणि त्याच मालिकेत अजीर्ण असता भोजन टाळणे व योग्य वेळी प्रकृतीला मानवेल तेच जेवणे, हेही गुण येतात. व्यवहार आणि आहार यांना त्यांनी एकाच पंक्तीत बसविले. अठ्ठाईच्या पारण्याला मिष्टान्नांचे ताट पुढे करणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानी घ्यावे. विश्रांत जठराला मुगाचे पाणीच प्रथम मानवते.

मात्र एक सावधानता अत्यंत आवश्यक आहे. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी अजीर्णासारखाच भासतो. छातीवर दडपण, घाम, धाप, हात वा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर जिऱ्याचे पाणी किंवा सोडा घेऊन वाट पाहू नये. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही व्यक्ती व स्त्रिया यांच्यात ही लक्षणे पुसटही असू शकतात. रात्री चौविहार असल्याने औषधाला नकार देणारे वडीलधारे घरोघरी असतात. त्यांना नम्रपणे स्मरण द्यावे की, प्रत्याख्यानाच्या पाठातच ‘सर्वसमाधी’चा आगार आहे, तीव्र व्याधीत औषधाची मोकळीक शास्त्रानेच दिली आहे. तसेच अजीर्ण आठवडेच्या आठवडे टिकले, वजन घटले, गिळताना त्रास झाला किंवा शौच काळे झाले, तर वैद्यकीय तपासणी टाळू नये.

पुढच्या वेळी ‘अजीर्ण झाले’ असे तोंडून निघेल, तेव्हा क्षणभर थांबून विचारावे : काय जिरायचे राहिले आहे, आणि हे खरोखर अजीर्णच आहे ना?

जय जिनेंद्र.